आरसा पहिल्याच फेरीत ठरतो: जुन्या ॲल्युमिनियम ट्रेलरच्या पॉलिशबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. 1966 सालचा 22 फुटी एअरस्ट्रीम ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं ॲल्युमिनियमचं फिरतं घर, घेतला आहे. छपराकडचा पत्रा साल निघाल्यासारखा पापुद्र्यांनी भरलाय, बाजू दुधी-पिवळट झाल्यात. दाराशेजारच्या एका पत्र्यावर ओळखीच्या कुणीतरी ग्राइंडरला बफ लावून हात फिरवला. तिथे चमक आली खरी, पण तिरप्या उन्हात ढगासारखे वळसे दिसतात. आता कुठलं पॉलिश घ्यायचं, किती वेळ लागेल आणि शेवटी वरून पारदर्शक लेप द्यायचा की नाही?

मी गेली सोळा वर्षं असे ट्रेलर दुरुस्त करते आणि त्यातला मोठा वेळ पत्रा घासण्यातच जातो. पॉलिशचं नाव मी पुढे सांगेनच, पण तुमचं काम पॉलिशच्या नावावर अडलेलं नाही. वळसे दिसले की जवळजवळ प्रत्येक जण शेवटच्या, बारीक पॉलिशला दोष देतो आणि आणखी बारीक, आणखी महाग डबा आणतो. दोष असतो पहिल्या, जाड्या फेरीत. ती अर्धवट सोडलेली असते. बारीक पॉलिश फक्त बारीक ओरखडे काढतं. जाड्या फेरीने ठेवलेले ओरखडे ते घासून गुळगुळीत करतं, म्हणजे ओरखडे चमकायला लागतात, जात नाहीत.

आधी पत्र्याबद्दल सांगते, कारण किती घासायचं ते त्यावरून ठरतं. हे ट्रेलर विमानाच्या घराण्यातले आहेत. 1934 साली रोड चीफ नावाचा ॲल्युमिनियमचा ट्रेलर काढणारा हॉली बोलस मूळचा ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, बनवणारा. वैमानिक चार्ल्स लिंडबर्गने एकट्याने अटलांटिक पार केला ते विमान ज्या कारखान्यात तयार झालं, तिथलं काम त्याच्या देखरेखीखाली झालं होतं. एअरस्ट्रीमचा संस्थापक वॉली बायमने 1936 मध्ये एअरस्ट्रीम क्लिपर आणला तो त्याच धाटणीवर: आतून सांगाडा, वरून रिव्हेटने शिवलेला पातळ पत्रा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या टल्सा इथली स्पार्टन ही विमान कंपनीसुद्धा ट्रेलरकडे वळली. त्यामुळे या काळातल्या अनेक ट्रेलरांना जो पत्रा आहे तो विमानाचाच, अल्क्लॅड.

अल्क्लॅड म्हणजे तीन थरांचा पत्रा. मधला गाभा 2024 क्रमांकाच्या मिश्रधातूचा, त्यात साधारण साडेचार टक्के तांबं असतं. तांब्यामुळे ताकद येते, पण गंजण्याची खोडही येते. म्हणून दोन्ही अंगांना जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर लाटून चिकटवलेला असतो. तो थर गाभ्याच्या आधी स्वतः झिजतो आणि गाभ्याला वाचवतो. ट्रेलरचा पत्रा साधारण 0.8 मिलिमीटर जाड, आणि वरचा शुद्ध थर त्याच्या पाच टक्के. म्हणजे 0.04 मिलिमीटर, माणसाच्या केसाच्या जवळपास निम्मा. तुम्ही जे काही घासणार आहात ते त्या अर्ध्या केसात. आरसा होतो तो हा थर, कारण शुद्ध ॲल्युमिनियम मऊ आणि एकसारखं असतं. तो संपला की खालचा गाभा करडा दिसतो, कितीही घासला तरी त्याचा रंग शेजारच्या पत्र्याशी जुळत नाही आणि पुढे तिथेच गंज धरतो.

सुरुवातीच्या वर्षांत मी एका ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्यावर, जिथे पत्रा फाकीसारखा वळतो, एका खोल ओरखड्याच्या मागे लागले. ओरखडा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात तिथे तळहाताएवढा, नकाशातल्या बेटासारखा काठ असलेला मळकट डाग दिसला. थर पार कापला गेला होता. तो पत्रा आजही तसाच आहे. तेव्हापासून खोल ओरखडा दिसला की मी आधी त्याच्यावर नख फिरवते. नख अडकलं तर तो ओरखडा राहू देते, फक्त त्याच्या कडा गुळगुळीत करते. आजूबाजूचं सगळं लख्ख झालं की तो ओरखडा डोळ्यांना खुपत नाही.

अजून एक गोष्ट लोकांना कुणी सांगत नाही. कारखान्यातून बाहेर पडताना हे ट्रेलर आरशासारखे नव्हते. नवा पत्रा लाटणीतून येतो तसा उजळ होता आणि त्यावर लाटणीच्या बारीक समांतर रेषा होत्या. त्यात चेहरा दिसावा ही आवड आपली, नंतरची. ती आवड मलाही आहे. पण मूळ रूप हवं असेल तर अर्ध्या मेहनतीत थांबता येतं, हे आधी माहीत असलेलं बरं.

आता तुमचा ट्रेलर. एअरस्ट्रीमने साठच्या दशकाच्या मध्यापासून पत्र्यावर पारदर्शक लेप द्यायला सुरुवात केली. तुमच्या छपरावरचे पापुद्रे आणि बाजूंचा पिवळेपणा म्हणजे तो लेप, ॲल्युमिनियम नव्हे. लेपावर पॉलिश चालवलं तर पॅड भरून जातो आणि हाती काही लागत नाही. कुठे लेप आहे आणि कुठे उघडा पत्रा, हे ओळखायची सोपी खूण आहे: पांढऱ्या कापडावर मुगाएवढं धातूचं पॉलिश घ्या आणि पत्र्यावर अर्धा मिनिट घासा. कापड काळं झालं तर उघडं ॲल्युमिनियम. कापड पांढरंच राहिलं किंवा पिवळसर झालं तर लेप. खिडक्यांच्या चौकटी आणि काही पट्ट्या ॲनोडाइज केलेल्या, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने कडक ऑक्साइडचा थर दिलेल्या, असू शकतात. तिथे मल्टीमीटरची दोन टोकं टेकवून पाहा. उघड्या धातूवर तो बीप करतो, ॲनोडाइजवर किंवा लेपावर गप्प राहतो. ॲनोडाइज केलेल्या भागाला पॉलिश लावू नका. तो थर एकदा गेला की पुन्हा आणायला भाग उतरवून टाकीत घालावा लागतो.

लेप काढायला ॲल्युमिनियमला चालणारा रिमूव्हरच घ्या, डब्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. कॉस्टिक सोडा असलेला रिमूव्हर ॲल्युमिनियमला खातो. पत्रा फेसाळतो, हायड्रोजन सुटतो आणि काळपट खरखरीत डाग उरतो. पूर्वी सगळे मिथिलीन क्लोराइडचा रिमूव्हर वापरायचे. तो झटपट काम करायचा, पण त्याच्या वाफेने माणसं दगावली आहेत आणि अमेरिकेत 2019 पासून तो घरगुती वापरासाठी विकायला बंदी आहे. आता बेंझिल अल्कोहोलवर चालणारे मिळतात. ते सावकाश काम करतात, काही तास लागतात, पण होतं. जाड थर द्या, वर प्लास्टिकचा पातळ कागद अंथरा म्हणजे तो सुकणार नाही, आणि लेप सुरकुतला की लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने ओढून घ्या. लोखंडी पट्टी नको. आधी खिडक्यांचे रबर, मागच्या दिव्यांच्या काचा, छपरावरची प्लास्टिकची झाकणं दुहेरी टेप लावून झाका. काम सावलीतच करा. शेवटी भरपूर पाण्याने धुवा, जोडांच्या फटींमध्ये विशेष, कारण तिथे राहिलेला रिमूव्हर आठवड्याने खाली ओघळतो आणि पांढरे माग ठेवतो. ट्रेलरवर जुने रंगाचे पट्टे असतील तर त्यात शिसं असू शकतं. ते कोरडे खरवडू नका आणि मास्कशिवाय तर मुळीच नाही.

लेप गेल्यावर पत्रा पाहून मन खट्टू होईल. लेपाखाली काही ठिकाणी किड्याने कुरतडल्यासारख्या नागमोडी बारीक रेषा दिसतील, रिव्हेटपासून आणि पत्र्याच्या कडांपासून सुरू झालेल्या. लेपाखाली ओल शिरली की ॲल्युमिनियम असं धाग्यासारखं गंजत जातं. या रेषांचा वरवरचा भाग पॉलिशने जातो. खोल गेलेल्या रेषा आणि काळे ठिपके राहतात. ठिपका म्हणजे खड्डा, आणि खड्डा नाहीसा करायचा तर सगळा पत्रा त्या खोलीपर्यंत खाली आणावा लागेल. तेवढा थर तुमच्याकडे नाही. ठिपके राहू द्या.

धुताना साधा सौम्य साबण वापरा. ट्रकवाले वापरतात ती ॲल्युमिनियम उजळवणारी आम्लं आणू नका. त्यातल्या काहींमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं, ते पत्रा पांढुरका करतं आणि कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करतं. भांड्यांच्या मशीनची पावडरही नको, ती क्षारीय असते. स्टील वूल तर दारातच ठेवा. त्याचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पहिल्या पावसानंतर तांबूस ठिपके उमटतात.

जोडांवरचा जुना सीलंट, म्हणजे फटी बुजवायचा चिकट मसाला, पॉलिशच्या आधीच काढायचा. कुणी सिलिकॉन भरलं असेल तर त्याचा शेवटचा कण निघेपर्यंत थांबा, कारण फिरता पॅड सिलिकॉनला लागला की तो ते सगळ्या पत्र्यावर पसरवतो आणि मग त्यावर दुसरा सीलंट धरत नाही. नवा सीलंट मात्र पॉलिश झाल्यावर, जोड सॉल्व्हंटने पुसून. पॉलिशमधलं तेल राहिलं तर सीलंट वर्षभरात उचलला जातो. बाहेर पॉलियुरेथेनचा घ्या. दिवे, नंबरप्लेटची बत्ती, दाराचं हँडल, जे जे स्क्रूने निघतं ते उतरवून ठेवा. हा एक दिवस जातो, पण पुढे प्रत्येक तुकड्याभोवती हाताने घासण्याचे कितीतरी दिवस वाचतात.

साधनं. ग्राइंडर नको, हे तुमच्या त्या पत्र्याकडे पाहूनच सांगता येतं. छोटा ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. आपल्याला हवा वेग बदलता येणारा मोठा रोटरी पॉलिशर, ज्यावर आठ-नऊ इंची लोकरीचा पॅड 1500 ते 2000 फेऱ्यांवर चालवता येईल. हा कापण्यासाठी. शेवटच्या फेरीला मात्र रोटरी चालत नाही. रोटरीचे वळसे रोटरीने जात नाहीत. त्यासाठी दोन डोक्यांचं सायक्लो मशीन, जे गोल फिरता फिरता इकडेतिकडेही हलतं, म्हणून एका दिशेचा माग उरत नाही. सायक्लो महाग आहे. एका ट्रेलरपुरतं भाड्याने किंवा उसनं मिळालं तर तसं घ्या, पण त्याच्याशिवाय आरसा होईल अशी आशा ठेवू नका. त्याच्या डोक्यांवर मी जाड स्वेटशर्टचं कापड लावते, आतला लवदार भाग पत्र्याकडे. भरपूर चौकोन कापून ठेवा, ते भराभर काळे होतात.

पॉलिशमध्ये मी नुवाइटच्या तीन श्रेणी वापरते: एफ-7, सी आणि एस, याच क्रमाने. रोलाइटनेही चांगलं काम होतं. तुमच्याकडे दुसरं काही सहज मिळत असेल तर हरकत नाही. अट एवढीच की जाड, मध्यम, बारीक अशा तीन पायऱ्या एकाच घराण्यातल्या असाव्यात, आणि प्रत्येक पायरीचा पॅड वेगळा. पॅडवर मागच्या बाजूला मार्करने अक्षर लिहा आणि वेगवेगळ्या बंद पिशव्यांत ठेवा. जाड कणाने माखलेला पॅड चुकून बारीक फेरीत गेला की तो भाग पुन्हा पहिल्यापासून.

आता पहिली फेरी, सगळ्यात सविस्तर, कारण सगळं इथेच आहे.

सुरुवात मागच्या बाजूने, खिडकीखालच्या पत्र्यापासून करा. तिथे हात बसेल, चुका कमी दिसतील. दोन फूट बाय दोन फूट एवढाच तुकडा घ्या. पत्रा उन्हात तापलेला नसावा. हाताची मागची बाजू ठेवा, गार लागला पाहिजे. बोटाच्या टोकावर एफ-7 घेऊन पत्र्यावर वाटाण्याएवढे पाच-सहा ठिपके द्या. सगळे जण इथे जास्त घेतात. जास्त घेतलं की कापणं थांबतं आणि पॅड नुसता घसरत राहतो. मशीन बंद असतानाच पॅडने ठिपके पसरवा, मग सावकाश सुरू करा, नाहीतर सगळं तुमच्या अंगावर येईल.

पॅड पूर्ण सपाट नको, पूर्ण उभाही नको. एक कड जराशी दाबलेली, चार-पाच अंशांनी, आणि हात सेकंदाला एक-दोन इंच या गतीने, आधी आडवा, मग उभा, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढवत. मशीनचं वजन पुरेसं असतं, वरून जोर देऊ नका. पत्र्याचा आवाज ऐका. पहिल्या मिनिटाला पॅड ओलसर, जड घरघर करतो, पत्रा काळ्या शाईने माखतो. ते काळं म्हणजे निघालेलं ॲल्युमिनियम आणि त्याचा ऑक्साइड. दोन-तीन मिनिटांनी आवाज हलका होतो, काळं पातळ होत जातं, त्याच्या कडेने उजळ पत्रा डोकावतो. नवशिका इथे थांबतो. थांबू नका. तेच काळं पत्र्यावरून पुसलं जाईपर्यंत, जवळजवळ दाब न देता, फिरवत राहा. पॅड स्वतःचं काळं उचलून घेतो आणि मागे स्वच्छ पत्रा ठेवतो. शेवटच्या अर्ध्या मिनिटात जे होतं ते पाहण्यासारखं असतं. मळकट धुकं एकदम सरकतं आणि त्यात तुमचा हात दिसायला लागतो. काळं पत्र्यावर सुकू दिलंत तर मात्र ते काढायला नव्या ठिपक्याने पुन्हा ओलं करावं लागतं.

मध्येच हाताची मागची बाजू पत्र्याला लावत जा. ठेवता येत नसेल इतका गरम झाला तर थांबा. पातळ पत्रा तापला की फुगतो, दोन आडव्या पट्ट्यांमध्ये लाटेसारखा उठतो आणि कधीकधी तसाच राहतो.

हा तुकडा एकदा झाला की पुसून पाहा. आणि पुन्हा करा. आणि बहुतेक वेळा तिसऱ्यांदा. साठ वर्षं उघड्यावर राहिलेला पत्रा एफ-7 च्या एका फेरीत साफ होत नाही. पुरेसं झालं की नाही हे ठरवायला मी चमक पाहत नाही, मोजपट्टी वापरते. लोखंडी मोजपट्टीचं टोक पत्र्याला टेकवून पट्टी काटकोनात बाहेर धरा आणि पत्र्यातल्या प्रतिबिंबात आकडे वाचा. पहिल्या फेरीनंतर चार इंचांपर्यंतचे आकडे वाचता आले तर ठीक, सहा इंचांपर्यंत आले तर पुढे जा. चार इंचांच्या आधीच धूसर झाले तर सी लावण्यात अर्थ नाही, एफ-7 पुन्हा. चमक डोळ्याला फसवते, कारण ओरखड्यांनी भरलेला पत्राही उन्हात लखलखतो. आकडे फसवत नाहीत.

रिव्हेटच्या ओळी. रोटरी पॅड रिव्हेटच्या रांगेला समांतर चालवा. आडवा नेला तर प्रत्येक रिव्हेटच्या मागे धूमकेतूच्या शेपटासारखा अस्पर्श भाग राहतो. पत्र्याची कड वर आलेली असेल तिथे पॅड कडेवरून बाहेरच्या दिशेने फिरला पाहिजे. कडेच्या आत फिरला तर तो कड पकडतो, मशीन हातातून उसळतं आणि पातळ पत्रा वाकतो. रिव्हेटच्या भोवतीचं शेवटचं कडं ड्रिलवरच्या तीन इंची लोकरीच्या गोळ्याने किंवा बोटाने. यात घाई चालत नाही. पूर्ण झालेला ट्रेलर लांबून पाहताना नजर आधी रिव्हेटच्या काळ्या कड्यांवरच जाते.

पॅड दर दोन तुकड्यांनंतर साफ करा. दातेरी चाकाने, नसेल तर बोथट स्क्रूड्रायव्हरने, मशीन हळू फिरवत त्यातलं सुकलेलं काळं उडवा. घट्ट झालेला पॅड कापत नाही, नुसता तापवतो. हे बाहेर, मास्क आणि चष्मा लावून. ॲल्युमिनियमची बारीक भुकटी पेट घेऊ शकते, त्यामुळे त्याच जागेत कुणी लोखंड घासून ठिणग्या पाडत असेल तर त्यांना थांबवा.

फटींत आणि रिव्हेटखाली बसलेलं काळं पाण्याने निघत नाही. मी मिनरल स्पिरिटने (रंग पातळ करायला वापरतात ते सॉल्व्हंट) ओलसर कापड फिरवते आणि लगेच वर कॉर्नफ्लोअर भुरभुरवते, मग मऊ कोरड्या कापडाने पुसते. पीठ तेल आणि काळं दोन्ही शोषून घेतं आणि ओरखडा पाडत नाही. ही युक्ती जुन्या माणसांकडून आलेली आहे आणि तिच्याहून चांगलं मला अजून काही सापडलेलं नाही. स्पिरिटची फडकी मात्र झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, ढीग करून कोपऱ्यात नको.

दुसरी फेरी, सी, त्याच रोटरीवर, नव्या पॅडने. इथे बोलण्यासारखं थोडंच आहे. पहिली फेरी नीट झाली असेल तर ही भरभर होते, एका तुकड्याला पाच-सात मिनिटं. मोजपट्टीवर आकडे दहा इंचांपर्यंत जातात.

तिसरी, एस, सायक्लोवर. आधी सायक्लोनेच सी चा एक हात द्या, रोटरीचे वळसे मोडण्यासाठी. मग कापड बदलून एस. अगदी थोडं पॉलिश, अगदी थोडा दाब. ढगाळ दिवस निवडा, आणि दिवस मावळताना एक एलईडी दिवा पत्र्याला जवळजवळ समांतर धरून पाहा. दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल रेषा दिसली तर सायक्लो अजून हवा. जाळं नसेल आणि दिव्याचा ठिपका स्वच्छ असेल तर झालं.

तुमच्या दाराशेजारच्या पत्र्याबद्दल वेगळं सांगते. ग्राइंडरने त्यात खोल वळसे काढले आहेत. पण तो एकच पत्रा आहे आणि बहुधा एकदाच घासलाय, त्यामुळे थर शिल्लक असावा. आधी तिरप्या उजेडात करडं बेट शोधा. नसेल तर एफ-7 दोनदा, आधी आडव्या ओळी, दुसऱ्यांदा फक्त उभ्या. वळसे मोडले की बाकीच्यासारखंच. करडं बेट दिसलं तर जाडं पॉलिश तिथे लावूच नका, सरळ सी वर या आणि जेवढं येईल तेवढं घ्या. हा पत्रा शेवटी करा, हात बसल्यावर.

वेळ. 22 फुटी ट्रेलरला, लेप काढण्यापासून शेवटच्या फेरीपर्यंत, एका माणसाला पहिल्यांदा दीडशे ते दोनशे तास धरा. छप्पर यात आहे, पण छपरावर आरसा करू नका. तिथे सी पर्यंत थांबा, कुणी वर जाऊन पाहत नाही आणि ऊन तिथेच सगळ्यात आधी धूसर करतं. रोज चार तासांपेक्षा जास्त करू नका. थकलेला हात मशीन वाकडं धरतो आणि कडा कापतो.

आता पारदर्शक लेप. मी देत नाही. आरशासारखा पत्रा हा लेप धरण्याच्या दृष्टीने सगळ्यात वाईट पृष्ठभाग असतो. त्याला पकड हवी असते आणि आपण पकडीची प्रत्येक जागा घासून टाकलेली असते. पकडीसाठी रसायनाने पत्रा खरखरीत केला तर चकाकी मंदावते. आणि एका रिव्हेटखाली ओल शिरली की पुन्हा त्याच नागमोडी रेषा, पुन्हा रिमूव्हर, पुन्हा पहिल्यापासून. ज्या लेपाच्या पापुद्र्यांमुळे तुम्ही हा प्रश्न विचारलात, तोच पुन्हा का घ्यायचा? उघडा पत्रा हळूहळू धूसर होईल, ते खरं आहे. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर हवेत लगेच धरतो. तो पत्र्याचं रक्षणही करतो, पण पावसाने आणि धुळीने तो जाडसर, मंद होत जातो. वर्षातून एकदा सायक्लो आणि एस घेऊन दोन-तीन दिवस द्या, तेवढ्यात आरसा पुन्हा उभा राहतो. या फेरीत थराचा फारच थोडा अंश जातो, म्हणून अर्धा केस अनेक वर्षं पुरतो. एफ-7 मात्र पुन्हा कधी लागू नये अशी काळजी घ्या.

ट्रेलर समुद्राजवळ, खाऱ्या वाऱ्यात उभा राहणार असेल तर माझं मत थोडं बदलतं. तिथे झाकलेली जागा नसेल तर आरसा करूच नका. सी पर्यंत घासून मेण लावा, दर दोन महिन्यांनी गोड्या पाण्याने धुवा आणि मेण नवं करा. मेण आरशावरही लावता येतं, पण ते चकाकी जराशी दाबतं आणि पुढच्या पॉलिशच्या आधी पूर्ण काढावं लागतं, म्हणून कोरड्या हवेत मी लावत नाही.

पाऊस पडून गेल्यावर पत्र्यावरचे थेंब ऊन यायच्या आत पुसून घ्या. क्षारांचे पांढरे गोल डाग एकदा बसले की एसने निघत नाहीत, सी लागतं. आणि जिथे लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियमला थेट लागलेत, विशेषतः दिव्यांच्या आणि पायरीच्या मागे, ते आताच स्टेनलेसचे करून घ्या आणि डोक्याखाली सीलंटचा ठिपका द्या. दोन धातू आणि ओल एकत्र आली की ॲल्युमिनियम आधी जातं, आणि स्क्रूभोवती पत्रा फुगून पांढरी भुकटी बाहेर येते. तुमच्या ट्रेलरच्या मागच्या दिव्याखाली आत्ताच ती असण्याची शक्यता मोठी आहे. दिवा उतरवाल तेव्हा सगळ्यात आधी तिथेच पाहा.